डाव्या पायाचे बूट

माघातल्या सकाळी नाशकात जे ऊन पडतं ते पिवळं असतं, पण त्याला ऊब नसते. त्या थंड उजेडात अंगणातल्या फरशीवर बसून, मांडीवर लाकडाचा ठोकळा घेऊन, चामड्याची गोल चकती कापणारा माणूस, अशीच यांची मूर्ती माझ्या मनात कायमची बसली आहे. धारदार पातं चामड्यातून फिरताना बारीक, कोरडा आवाज होई आणि त्या आवाजाला लागून यांचा श्वास चाले. चकती पुरी झाली की उन्हासमोर धरून तिची कड पाहायची, कुठे धागा सुटलेला दिसला की जिभेचं टोक ओठांत धरून तो अलगद छाटायचा. चामडं कोरं असे, एकदाही रस्ता न पाहिलेलं. ते डाव्या पायाच्या बुटाचं असे.

हे म्हणजे माझे यजमान. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे आमच्या पिढीच्या बायकांच्या जिभेत इतकं मुरलेलं, की माझ्या वर्गात यांच्याच नावाचा एक मुलगा होता आणि हजेरी घेताना मी त्याला आडनावाने पुकारायची. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिका होते, हे सातपूरकडच्या एका कारखान्यात फिटर. आमचं लग्न होऊन दोन पावसाळे झाले असतील नसतील, लासलगावहून कांदा भरून येणाऱ्या एका ट्रकने यांची मोटारसायकल उडवली आणि डावा पाय मांडीपासून गेला. गाडीचं पुढचं चाक वाकलं तेवढंच. यांना घरी आणलं त्याच आठवड्यात ती गाडीही आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मला तिचा मनस्वी राग यायचा.

दुकानात बूट जोडीनेच मिळतात. उजवा झिजे, डावा कोरा राही. टाकून देऊ म्हटलं की यांचं उत्तर ठरलेलं, की राहू दे, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. फक्त डावाच पाय असलेला दुसरा कोण मिळणार होता? पण माळ्यावर डाव्या बुटांची रांग वाढत गेली आणि मीही बोलणं सोडलं.

कारखान्याने यांना कामगारांना हत्यारं देण्या-घेण्याच्या खिडकीशी बसून करायचं काम दिलं, हे त्यांचे उपकारच. पण तिथवर जायचं बसने. बस थांबली की आतून कुणीतरी ओरडे, "उचला रे यांना," आणि चार दयाळू हात काखेत शिरत. त्यांत वाईट कुणीच नव्हतं, हेच वाईट होतं. तेवढ्या वेळापुरता यांचा चेहरा पुसलेल्या पाटीसारखा होई. एका संध्याकाळी घरी येऊन कुबडी कोपऱ्यात ठेवली आणि कधी नव्हे ते मला नावाने हाक मारली.

"सुमन, माणसाला दोनदाच उचलावं. जन्मल्यावर आणि गेल्यावर. मधे कुणी हात लावू नये."

त्या रविवारी भिंतीला टेकलेली मोटारसायकल उघडली गेली. भंगारातून एका रिक्षाचा मागचा आस आला, गिअरचा दांडा हाताशी आला, कुबडी अडकवायला बाजूला कडी आली. जोडकामाला नाक्यावरचे वेल्डर रहीमभाई होते. ते कामाच्या वेळी एक अक्षर बोलत नसत आणि काम संपलं की थांबत नसत. पाहता पाहता अंगणात एक विचित्र तीनचाकी प्राणी उभा राहिला, पुढून मोटारसायकल आणि मागून रिक्षा. मी हसले. हेही हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

पण गाडी रस्त्यावर आली आणि हसू मावळलं. सायकलीपेक्षा जरा वेग वाढला की हँडल थरथरू लागे. आधी बारीक, मग इतक्या जोराने डावी-उजवीकडे आपटे की मुठी हातांतून सुटत. पहिल्याच दिवशी ती यांना घेऊन निवडुंगाच्या कुंपणात गेली. वळणावर आणखी वेगळीच अडचण. दोन चाकांची सवय झालेलं यांचं अंग वळण आलं की आपोआप आत कले, आणि तीनचाकी काही कलत नाही, ती सरळच जाई. "मी झुकतो आणि ही झुकत नाही," असं हे सांगत ते तक्रारीच्या सुरात नव्हे, नवलाच्या सुरात. शेजारच्या काकूंनी लिंबू-मिरची बांधायला सांगितलं. आम्ही बौद्ध, ते सगळं सासऱ्यांच्या वेळीच सोडलेलं. यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की काकू, लिंबू द्या, सरबत करू.

मी मात्र घाबरले होते. एक पाय त्या गाडीने नेला होता, आता उरलेला माणूसही ती नेणार असं मला वाटे. बसनेच जा असं मी विनवलं, रडले, भांडले, दोन दिवस अबोलाही धरला. यांनी ऐकून घेतलं आणि पाना उचलला. हँडलखालच्या बेअरिंगच्या बारीक गोळ्या बदलल्या, चाकं दोरी ताणून सरळ केली, हवा कमी-जास्त करून पाहिली. थरथर जाईना.

मग एका दुपारी, भाकरी मोडता मोडता, यांचा हात थांबला. दवाखान्यात मला ज्या ढकलगाडीवरून आत नेलं, तिचं पुढचं चाक असंच फडफडत होतं, शुद्ध जाईपर्यंत मी तेच ऐकत होतो, असं म्हणाले. ते चाक त्याच्या दांड्याच्या फार मागे राहतं म्हणून फडफडतं. आपलंही चाक अजून दोन चाकांच्याच हिशेबाने बसवलेलं आहे, त्याला थोडं पुढे आणायला हवं. आयुष्यातली सगळ्यात भयंकर घटका या माणसाने अशी कामाला लावली, आणि मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसून राहिले.

रहीमभाईंनी पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या दोन्ही टोकांना पोलादी पट्ट्या जोडल्या आणि चाक दोन बोटं पुढे सरकलं. थरथर बरीच गेली, कंपासारखी थोडी उरली. तिला दाबायला हँडलच्या मुळाशी दोन लोखंडी चकत्या आणि त्यांच्यामध्ये चामड्याची एक, अशी बैठक हवी होती. चामडं कोरं हवं, घट्ट हवं. हे माळ्याकडे पाहत म्हणाले, "बघ, आला की नाही उपयोगी?"

वैशाखी पौर्णिमेला मी पांढरी साडी नेसून त्या गाडीवर मागे बसले आणि आम्ही विहारात गेलो. गेलेल्या पायाचा बूट हँडलच्या मुळाशी बसून गाडी सांभाळत होता. विहारापाशी चार माणसं सवयीने हात पुढे करून धावली. यांनी मान हलवून त्यांना थांबवलं, कुबडी काढली, आणि आपले आपण उतरले. मला त्या क्षणी इतका अभिमान वाटला की वंदनेचे शब्द पहिल्यांदाच चुकले.

पुढची वर्षं बरी गेली. गंगापूर रोडला तेव्हा मोकळी मैदानं होती, तिथे यांनी मलाही गाडी शिकवली. "मास्तरीणबाई, हँडल म्हणजे खडू नव्हे, इतकं दाबू नका." चामडं झिजलं की माळ्यावरून एक बूट उतरे. वर्षाकाठी एक पुरे.

मग एका थंडीत थरथर परत आली. यांनी चकती बदलली. महिन्याभरात पुन्हा बदलली. गोळ्या बदलल्या, पट्ट्यांचे जोड रहीमभाईंना दाखवले, त्यांनी हातोडीने ठोकून पाहिले आणि प्रथमच तोंड उघडून सांगितलं, की भाऊ, जोड पक्का हाय. यांना पटलं नाही. माळ्यावरची रांग आखडत गेली. अंगणात चामडं कापण्याचा तोच आवाज येई, पण आता तो सलग नसे, मधेच अडखळे आणि चकतीची कड वाकडी येई. सकाळी यांच्या हातात चहाची बशी कपाखाली किणकिणू लागली होती. ती किणकिण मला ऐकू येत होती, यांनाही येत असणार. पण चहा संपला की हे पाना घेऊन पुन्हा हँडलपाशी बसत. दोष सापडेपर्यंत यंत्र उघडत राहायचं, हीच यांची जन्माची रीत.

एका सकाळी नुकतीच नवी चकती बसवलेली गाडी समोर ठेवून हे पायरीवर बसले आणि म्हणाले, "तू चालव. पेरूच्या झाडापर्यंत जा आणि ये."

मी गेले. वेग दिला. मुठी माझ्या हातांत झोपलेल्या मुलाच्या मनगटासारख्या निश्चल होत्या. पेरूपाशी वळताना डोळ्यांना धार लागली. वाटलं, खोटं सांगावं. परत आले तेव्हा हे गाडीकडे पाहत नव्हते. कुबडीवर ठेवलेल्या स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत होते. तो हलत होता.

"थरथरलं?"

"नाही."

"बरं," हे म्हणाले. "म्हणजे गाडी चांगली आहे."

डॉक्टरांनी त्या थरथरीला पुढे लांबलचक नाव दिलं. त्याने काय फरक पडणार होता? मी गाडी चालवू लागले, हे मागे बसू लागले, हात मांडीखाली दाबून. मग तेही सरलं. अंग ताठरत गेलं, कूस वळवता येईना, आणि मीच यांना उचलू लागले. मी म्हणायची, उचलत नाही हो, नुसतं धरते. हे डोळे मिटून घेत. चेहरा पुसलेल्या पाटीसारखा होई, बसच्या दारात व्हायचा तसाच, आणि आता काखेत माझे हात असत. याहून मोठी शिक्षा मी भोगलेली नाही.

शेवटी चौघांनी उचललं, त्यात रहीमभाई होते. तेवढं एक उचलणं यांना मान्य होतं.

गाडी अजून अंगणात आहे. चाकांतली हवा गेली, रंग गेला. माळ्यावर डाव्या पायाचा एकच बूट उरला आहे, तो मी काढलेला नाही. माघातल्या उन्हात कधी मी जाऊन मुठी धरून उभी राहते. यांनी बसवलेलं हँडल जराही हलत नाही. काळ माणसाला नेतो आणि त्याने नीट केलेल्या वस्तू तशाच नीट ठेवून जातो, ही त्याची दया की क्रूरता, मला कळत नाही. मला वाटतं, एकदा तरी ते थरथरावं, म्हणजे माझ्याबरोबर यांच्याही हातांनी ते धरलं आहे असं वाटेल.