धमकीसाठी पारडं नाही

मित्रांनो, स्वयंपाकघराच्या तुळईला लोखंडी आकडा आहे आणि त्या आकड्याला एक पितळी तराजू लटकतो आहे. तो मी. जुना आहे हे वेगळं सांगायला नको. डाव्या पारड्याला पोचा आहे, उजवीकडची एक साखळी तुटली तेव्हा ती तारेने जोडली. पण दांडी सरळ आहे. आमच्या जातीत खानदान म्हणून एवढंच बघतात.

पायधुणीजवळच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून आकार दिला. तिथून माझ्या मालकिणीच्या, म्हणजे फ्लॉरेन्सच्या, सासूने मला खोताच्या वाडीतल्या या लाकडी घरात आणलं. घर इथल्या मूळच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती माणसांचं. इथे उन्हाळा लागला की गॅलरीत मिरच्या वाळत पडतात, धणे-तीळ-खसखस भाजली जाते आणि अख्ख्या गल्लीला शिंका येतात. त्यातून जो मसाला तयार होतो, त्याला बाटली मसाला म्हणतात. कारण तो बिअरच्या तपकिरी बाटलीत काठीने ठासून भरतात. त्या काचेतून ऊन आत जात नाही, मसाल्याचा रंग टिकतो. फ्लॉरेन्सचा नवरा ॲलॉयशियस हयात होता तेव्हा मोठ्या कर्तव्यबुद्धीने म्हणायचा, "तू मसाला कूट. रिकाम्या बाटल्यांचं माझ्यावर सोड. घरासाठी माणसाने थोडा त्रास घ्यायलाच पाहिजे."

माझी उमेदीची वर्षं या दारात मसाला तोलून विकण्यात गेली. मित्रांनो, माणसं आरशासमोर खोटं वागतात, तराजूसमोर नाही. कुणी वाकून काट्यावर असा डोळा लावायचं, जणू काटा त्यांच्याकडून काही उसनं घेऊन पळणार आहे. कुणी बोलता बोलता पारड्याला करंगळी लावायचं. कुणी "तुमच्यावर विश्वास आहे हो" म्हणायचं आणि घरी जाऊन पुन्हा तोलायचं. मी सगळ्यांची नोंद ठेवली आहे. फक्त वाचून दाखवत नाही.

फ्लॉरेन्सची मात्र एक पद्धत होती. पारडी भरली की काटा हलतो, डावीकडे-उजवीकडे झुलतो. तो झुलत असताना गिऱ्हाईक ओरडायला लागलं, "कमी आहे! फसवता काय!" तर ती काहीच बोलायची नाही. पदराला हात पुसत उभी राहायची. फार झालं तर म्हणायची, "काटा थांबू दे, मग बोल." काटा थांबायचा. गिऱ्हाईकही बहुतेक थांबायचं. मग तोल लागला, की ती वर एक चिमूट मसाला टाकायची. ती चिमूट हिशेबाबाहेरची. ओरडणाऱ्याला माल पुरता मिळायचा, चिमूट मिळायची नाही.

पुढे गिऱ्हाईक वसईला गेलं, विरारला गेलं, काही परदेशी गेलं. दारावरची वर्दळ आटली. फ्लॉरेन्सची नात सॅशा कॉलेज संपवून घरी होती. तिने फोनवर मसाल्याचं पेज काढलं. ऑर्डरी यायला लागल्या, कुरिअरवाला जिना चढायला लागला आणि टेबलावर एक चपटा इलेक्ट्रॉनिक काटा येऊन बसला. त्याला ना साखळ्या, ना पारडी. नुसता आकडा दाखवतो आणि जरा वेळ दुर्लक्ष केलं की झोपतो. मला कुणी टाकलं नाही, पण माझ्या एका पारड्यात कांदे आले आणि दुसऱ्यात सॅशाचा मोठा भाऊ मार्क बाइकचे हातमोजे टाकायला लागला. म्हातारपणी आपल्याला मिळतं ते हे.

मग एका रविवारी दुपारी सॅशाचा फोन वाजायला लागला तो थांबेचना.

प्रभादेवीच्या हितेंद्र नावाच्या गृहस्थांनी मसाला मागवला होता. फ्लॉरेन्सला चष्म्यातूनही फोनवरची अक्षरं दिसत नाहीत, म्हणून सॅशा तिला मेसेज वाचून दाखवत होती. त्या दिवशी हितेंद्रांच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. पाहुणे सोफ्यावर, हातात पोह्यांच्या बशा आणि नेमकं तेव्हा पार्सल आलं. मुलीच्या मावशींनी ते कौतुकाने सगळ्यांसमोर उघडलं. आतून निघाली बिअरची बाटली. लेबल धुऊन काढलेलं होतं, पण काचेतच उमटवलेलं कंपनीचं नाव कसं निघणार?

"नॅना, तो म्हणतो आमच्या घरात कधी दारू आली नाही. म्हणतो, पाहुण्यांसमोर नाक कापलं."

फ्लॉरेन्स खरोखर गोंधळली. "पण मसाला बाटलीतच असतो ना गो? मग कशात पाठवणार, पिशवीत?"

ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. ज्या घरात ती बाटली पिढ्यान्‌पिढ्या मीठ-हळदीच्या शेजारी उभी राहिली, त्या घराला ती दारूची कधी दिसलीच नव्हती.

सॅशाने लगेच माफी मागितली. तिकडून उत्तर आलं ते माफीला नव्हतं. पुढचे मेसेज वाचताना तिचा आवाज बारीक होत गेला. त्यातल्या शिव्या मी सांगणार नाही; पितळेलाही लाज असते. शिव्या संपल्यावर धमक्या सुरू झाल्या. "लग्न मोडलं तर तुमचं दुकान मोडीन. घर माहीत आहे तुमचं. माणसं पाठवतो." पुढच्या दिवसांत त्यांनी सॅशाचा नंबर आणि घराचा पत्ता कुठल्या कुठल्या ग्रुपवर टाकला. अनोळखी पुरुष फोन करून नको ते बोलायला लागले. दाराची बेल वाजली की सॅशा दचकायची. तिने फोन पावाच्या डब्यात ठेवला, वर झाकण लावलं. तरी आत तो गुरगुरायचा.

शेवटी ती म्हणाली, "नॅना, मी पेज बंद करते. मला नाही जमणार."

पेज बंद, म्हणजे मसाला बंद. दारावर आता कुणी येत नव्हतं आणि यंदाच्या मिरच्या गॅलरीत अर्ध्या वाळल्या होत्या. फ्लॉरेन्सने त्यांच्याकडे एकदा बघितलं.

मार्क मात्र बोलला. व्यायामशाळेतून आला होता, दंड अजून गरम होते. "पत्ता दे त्याचा. मी आणि माझा दोस्त उन्मेष बाइकवर जाऊन येतो. दोन मिनिटांत सरळ करतो त्याला."

"जा," फ्लॉरेन्स म्हणाली. "म्हणजे घर फोडायची धमकी देणारे दोन होतील. एक प्रभादेवीला आणि एक माझ्याच हातचं कोंबडीचं भुजिंग खाऊन ढेकर देणारा."

"अगं पण नॅना, तो सॅशाला—"

"काटा थांबू दे, मार्क."

आणि मग, मित्रांनो, तिने माझ्या पारड्यातले कांदे काढले. हातमोजे मार्कच्या अंगावर फेकले. स्टुलावर बसली आणि म्हणाली, "सॅशा, काढ तो फोन डब्यातून. वाच. सावकाश."

"पुन्हा? नको ना."

"मी आहे ना गो इथे. वाच."

सॅशा वाचायला लागली. फ्लॉरेन्सने वजनांची पेटी मांडीवर घेतली होती. "बाटली बिअरची होती. खरं की खोटं?"

"खरं."

तिने एक वजन डाव्या पारड्यात ठेवलं. "पेजवर तसं लिहिलं होतं?"

सॅशा जरा घुटमळली. "नाही. फोटोत मी मसाला निळ्या बाउलमध्ये दाखवला. बाटली बरी दिसत नव्हती."

"म्हणजे चूक आपली." आणखी एक वजन. "पाहुण्यांसमोर त्यांची शोभा झाली. खरं?"

"झाली असेल."

तिसरं वजन. माझी दांडी डावीकडे कलली. "पुढे वाच."

पुढे शिव्या होत्या. सॅशाने दोन शब्द वाचले आणि थांबली. फ्लॉरेन्सने रिकामा तळवा पारड्यावर धरला, उघडला. काही पडलं नाही. "बघ, हलला काटा? ह्याला वजनच नाही. आता धमकी वाच." पुन्हा रिकामा तळवा. "हीसुद्धा माझ्या तराजूत बसत नाही. हिची जागा दुसरी. ती पोलिसांच्या टेबलावर."

मग ती उजव्या पारड्याकडे वळली. "आता आपलं काय देणं लागतं ते सांग."

"माफी," सॅशा म्हणाली. एक वजन. "पैसे परत. आणि हवा असेल तर तोच मसाला काचेच्या बरणीत." आणखी दोन.

मी झुलत राहिलो. इतक्या वर्षांनी ओझं आलं होतं, सांधे कुरकुरत होते. तिघंही माझ्याकडे बघत होते, आणि मार्कसुद्धा, हे विशेष, तोंड मिटून. काटा मधोमध आला आणि थांबला.

"आता लिही," फ्लॉरेन्स म्हणाली. "ह्या पारड्यातलं तेवढंच. वर चिमूट नाही."

सॅशाने लिहिलं: 'बाटलीबद्दल आधी सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही, ही आमची चूक. क्षमस्व. पैसे परत पाठवत आहोत. हवा असल्यास मसाला बरणीत पाठवू. आपण दिलेल्या धमक्या जपून ठेवल्या आहेत आणि त्या पोलिसांना देत आहोत. यापुढे उत्तर देणार नाही.'

उत्तर आलं, अर्थातच, आणखी शिव्यांचं. तिने ते जपलं आणि त्यांचा नंबर ब्लॉक करून टाकला. संध्याकाळी आजी, नात आणि नातू मेसेजांचे छापील कागद घेऊन पोलीस ठाण्यात गेले. परत आल्यावर मार्कने घरात नक्कल करून दाखवली. ड्यूटीवरच्या बाईंनी कागद शांतपणे वाचले, अर्ज घेतला, समोरच हितेंद्रांना फोन लावला. तिकडून वाघाचा आवाज आला, आणि 'पोलीस ठाणे' हे शब्द ऐकताच तो एकदम "अहो मॅडम, रागात माणूस बोलतो हो" असा मऊ झाला. पत्ता त्या ग्रुपांवरून निघाला. अनोळखी फोन कमी होत होत थांबले.

गोष्ट इथेच संपली असं म्हणायला मला आवडलं असतं. पण भीती फोनसारखी बंद करता येत नाही. सॅशाने बंद केलेलं पेज पुन्हा चालू केलं नाही. "बघू," म्हणायची. मिरच्या पुऱ्या वाळल्या, कुटून झाल्या, मसाला पातेल्यात तयार होता आणि बाटल्या रिकाम्या उभ्या होत्या.

एका सकाळी बेल वाजली. सॅशा दार अर्धं उघडून उभी राहिली. जिन्यात तिच्याच वयाची एक मुलगी होती, खांद्यावर कापडी पिशवी.

"मसाला इथेच मिळतो ना? मी कादंबरी. प्रभादेवीहून आले. हितेंद्र माझे बाबा."

सॅशाचा हात दारावर घट्ट झाला. आतून मार्क उठला. फ्लॉरेन्स नुसती म्हणाली, "येऊ दे आत. उन्हातनं आली आहे पोर."

कादंबरीने पिशवीतून तीच बाटली काढली. रिकामी आणि लख्ख धुतलेली. "संपला. आईने वाटणात घातला, बाबांनी भाजी दोनदा वाढून घेतली. कुठला मसाला ते सांगितलं नाही त्यांना."

मार्कला हसू आलं आणि ते त्याने खोकल्यात लपवलं. फ्लॉरेन्सने विचारलं, "लग्नाचं काय झालं गो? आमच्या बाटलीने मोडलं?"

"मी मोडलं, आजी. बाबा तो पहिला मेसेज लिहीत होते ना, तेव्हा मला बघायला आलेला तो मुलगा शेजारी बसून सांगत होता, अजून काय लिहायचं ते. बाबा शब्दाला अडले की हा पुरवायचा. हसत होता. मला वाटलं, आज मसालेवाली, उद्या मी."

मार्कने तिच्यासाठी स्टूल पुढे सरकवलं. मग कादंबरी सॅशाकडे वळली. "बाबांनी माफी मागितलेली नाही. मागतील असं वाटतही नाही. त्यांच्या वतीने मी सॉरी म्हणणार नाही, ते त्यांचं काम. मी गप्प बसून बघत राहिले, त्याचं माझं सॉरी. आणि ही बाटली भरून द्या. बरणी नको."

सॅशाने दार पूर्ण उघडलं. मग टेबलावरचा चपटा काटा बाजूला सारला, आणि माझ्याकडे आली. स्वतः. फडक्याने माझी पारडी पुसली, एकात वजन ठेवलं, दुसऱ्यात मसाला घालायला लागली. माझा काटा झुलत होता. कादंबरी वाकून बघायला लागली.

"थांब," सॅशा म्हणाली. "काटा थांबू दे."

फ्लॉरेन्सने खिडकीकडे तोंड केलं. चष्मा पुसायचा होता म्हणे.

तोल लागला. सॅशाने पातेल्यात दोन बोटं घातली आणि वर एक चिमूट टाकली.

पेज त्याच दिवशी चालू झालं. आता फोटोत निळा बाउल नाही. मी आहे, आणि माझ्या पारड्यात तपकिरी बाटली. खाली लिहिलंय: 'मसाला आमच्या रिवाजाप्रमाणे बिअरच्या बाटलीत येतो. बरणी हवी तर आधी सांगा.' तऱ्हेवाईक गिऱ्हाईकं अजूनही भेटतात. परवाच एकाने मोठ्या अक्षरांत आरडाओरडा केला. सॅशाने मेसेज वाचला, फोन ठेवला आणि मला बोटाने हलकेच एक झोका दिला.

तर मित्रांनो, माझ्यासारखा एखादा जुना तराजू तुमच्या घरी माळ्यावर पडला असेल, तर त्याला खाली काढा. चिंचेने घासा, कोरडा करा, साखळ्यांचा गुंता सोडवा. रोज काही तोललं नाही तरी चालेल. फक्त तो दिसेल असा टांगा, म्हणजे रागाच्या भरात तुम्ही कुणाला काही लिहायला बसलात की वर बघता येईल. मी जोवर झुलतोय, तोवर बोट उचलून धरा. मी थांबतोच. आजवर एकदाही असं झालेलं नाही की मी थांबलो नाही.