किल्ली कुणाकडे?

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. माझ्या पोटावर लाल रंगात 'तक्रारपेटी' असं लिहिलेलं आहे. मित्रांनो, हे नाव मी तीन वर्षं खोटंच मिरवलं, आणि त्याचा राग मला आजही येतो. म्हणून माझी गोष्ट गोड लागणार नाही. तरी ऐका.

माझा जन्म गेवराईत, इसाकभाईंच्या दुकानात झाला. ते पत्र्याच्या पेट्या आणि कोठ्या बनवतात. उमापूरच्या रस्त्यावर एक जिनिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. तिथे तपासणीला साहेब येणार होते. बायकांसाठी तक्रारपेटी दाखवावी लागते हे मालकाला आदल्या दिवशी कळलं. मग काय, नुसती पळापळ! इसाकभाईंनी एका दुपारीत मला ठोकून काढलं. त्यांची बायको मदिनाबी शेजारी कानस मारत बसली होती. चिठ्ठी टाकायच्या फटीची धार तिने घासून घासून गुळगुळीत केली, कुण्या बाईचं बोट कापू नये म्हणून. मग तिने विचारलं, "हिची किल्ली कुनाकडं ऱ्हानार हाय?"

"ते मला कावून इचारती? मालक बघंल," इसाकभाई म्हणाले.

सगळ्या धावपळीत शहाणा प्रश्न तेवढा एकच होता, आणि पुढे तो कुणी विचारलाच नाही.

जिनिंगात माझं काय स्वागत झालं म्हणून सांगू! मला हळदकुंकू लावलं, हार घातला, माझ्यासमोर नारळ फोडला. साहेबांनी फोटो काढला, खोबरं खाल्लं आणि ते गेले. मला टांगलं कुठे, तर मुकादम राधाकिशनच्या खुर्चीमागे, त्याच्या डोक्यावर. माझी किल्ली त्याच्याच करदोट्याला. शेजारी बायकांच्या तक्रारी ऐकायच्या समितीच्या नावांचा फलक. मी आपली फुलून गेले होते. मूर्ख होते मी.

तिथल्या बायका दिवसभर ढिगावर बसून कापसातला कचरा वेचतात. तंतू उडून त्यांच्या केसांना, मानेला, पाठीला चिकटतात. राधाकिशनला तेवढं निमित्त पुरायचं. "कापूस लागलाय, थांब, काढतो," म्हणायचं आणि हात लावायचा. तो हात मानेवर रेंगाळायचा, पाठीवरून खाली उतरायचा. बाई अंग चोरून घ्यायची. कापूस तर हमालांच्या पाठीलाही लागायचा. त्यांचा त्याने कधी काढला नाही.

सरस्वतीबाई ही तिथली सगळ्यात जुनी कामकरीण. नव्या पोरींना ती सांगायची, "डोक्याला फडकं बांध अन् खाली बघून काम कर." पोरी फडकी घट्ट बांधायच्या. त्या नालायकाचे हात मात्र कुणी बांधले नाहीत.

हुस्ना वीस-बावीस वर्षांची. बाप गेलेला, आईला आधार हिचाच. हे काम गेलं तर चूल थंड, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी एक दिवस राधाकिशन जेवायला गेलेला पाहून ती आली, टाचा उंचावल्या आणि त्या हातांबद्दल लिहिलेली, खाली स्वतःचं नाव घातलेली चिठ्ठी माझ्यात टाकली. मित्रांनो, तीन वर्षांत माझ्या पोटात पडलेला तो पहिला खरा कागद. तोवर हा गडी माझ्यात तंबाखूच्या पुड्या ठेवायचा. मला वाटलं, चला, जन्माचं सार्थक झालं.

दुसऱ्या दिवशी पुडी काढायला त्याने मला उघडलं आणि चिठ्ठी त्याच्या हाती लागली. चहा पिता पिता त्याने ती हमालांना मोठ्याने वाचून दाखवली. "लई शानी झाली बे ही," म्हणत दात काढले. कप त्याच कागदावर ठेवला. मग कागद परत माझ्यात कोंबला आणि हुस्नाला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. वर गावभर उठवलं की पोरीचीच चाल बरी नाही. तिने माझ्यावर विश्वास टाकला आणि मी तिला त्याच्याच हातात दिलं! लाज वाटली मला माझ्या नावाची.

दीड महिना गेला. उज्ज्वला नावाची नववी शिकलेली बाई नवी लागली. तिला एका सकाळी ऑफिस झाडायला सांगितलं. फलकावरची धूळ पुसता पुसता ती वाचायला लागली आणि तिने बाहेर हाक मारली, "सरस्वतीबाई, तुमचं नाव हाय की हितं. समितीवर हाव तुमी."

अध्यक्ष म्हणून मालकाच्या आईचं नाव होतं. त्या पुण्याला राहतात, जिनिंगाचं तोंडही त्यांनी पाहिलेलं नाही. खाली सरस्वतीबाईचं नाव. दिवाळीची साडी देताना तिचा एका कागदावर अंगठा घेतला होता, तो ह्यासाठी.

सरस्वतीबाईला वाचता येत नाही. तरी तिने ते नाव उज्ज्वलाला बोट ठेवून दाखवायला लावलं.

"म्हंजी हुस्नाची चिठ्ठी माझ्याकडं याया पायजे हुती," ती म्हणाली. "अन् मी तिला खाली बघ म्हनत बसले."

त्याच दुपारी राधाकिशनने उज्ज्वलाच्या मानेकडे हात नेला. "कापूस लागलाय, थांब."

"हात काढ, राधाकिशन." सरस्वतीबाई ढिगावरून उठली. "लागला आसंल तर तिची ती काढंल. पेटीची किल्ली दे."

"हरवली."

करदोट्याला लटकत होती आणि म्हणे हरवली! सरस्वतीबाई ऑफिसात गेली, त्याच्याच खुर्चीवर चढली, मला खिळ्यावरून उपसलं, काखेत मारलं आणि चालू लागली. मागे बारा जणी. ढीग तसाच पडला.

त्या मला थेट इसाकभाईंच्या दुकानात घेऊन आल्या. मदिनाबीने फटीवरून बोट फिरवलं आणि मला ओळखलं. "किल्ली कुनाकडं हुती?" तिने विचारलं. सरस्वतीबाईने सांगितलं. इसाकभाईंनी छिन्नी घेतली आणि माझी कडी कापली. तंबाखूच्या पुड्यांमधून चिठ्ठी निघाली, चहाचा गोल डाग पडलेली. ती फाडून टाकावी एवढीसुद्धा भीती त्याला वाटली नव्हती. माज म्हणतात तो हाच.

तिथून सगळ्या हुस्नाच्या घरी गेल्या. "चुकी माझी हाय," सरस्वतीबाई म्हणाली. "पर पुढं जायचं का न्हाई ते तू ठरव. चिठ्ठी तुझी हाय."

हुस्नाने चिठ्ठी हातात घेतली, नीट उलगडली. मग म्हणाली, "मला माझं काम परत पायजे. अन् गावभर जे बोलला, ते खोटं हाय म्हनून त्यानंच लिहून द्यावं."

अशी तक्रार तीन महिन्यांच्या आत करावी लागते. दोन होत आले होते. दुसऱ्याच दिवशी त्या बीडला जिल्ह्याच्या समितीकडे गेल्या, मलाही घेऊन. समितीने हुस्नाचं बंद खोलीत ऐकून घेतलं. राधाकिशनला विचारलं, हमालांना विचारलं. बाकीच्यांनी कानावर हात ठेवले. हनुमान नावाचा एक हमाल तेवढा म्हणाला, "त्यानं वाचून दाखविलं तवा मी बी हसलो. चुकलं माझं."

निकालाला वेळ लागला. पण राधाकिशनचं काम गेलं आणि त्याला लेखी माफी द्यावी लागली. खोटी समिती नेमली म्हणून मालकाला दंड झाला. गावातल्या जिभा अजून पुरत्या थांबलेल्या नाहीत. हुस्ना मात्र पुन्हा ढिगावर बसते, मान वर करून.

मी आता पाण्याच्या टाकीजवळ आहे, टाचा न उंचावता हात पोचेल अशी. नवी किल्ली सरस्वतीबाईच्या पदराला असते. चिठ्ठी निघालीच तर उज्ज्वला ती तिला एकटीला वाचून दाखवते.

मित्रांनो, पुढे तुम्ही कामाला लागाल, कुठेतरी माझ्यासारखी पेटी दिसेल. तिला हार घालू नका, नारळ तर मुळीच फोडू नका. किल्ली कुणाकडे आहे ते आधी विचारा. आणि ज्याच्याविरुद्ध चिठ्ठी टाकायची, त्याच्याच कमरेला ती निघाली, तर खुर्चीवर चढा आणि पेटी खिळ्यावरून उपसा.