बाजाराच्या पिशवीची झडती

मित्रांनो, मी बाजाराची एक जुनी पिशवी आहे, आणि आधीच सांगून ठेवते, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. जिचं अख्खं आयुष्य दुसऱ्यांनी आत काय टाकलं यावर गेलं, तिने संशय घ्यायचा नाही तर कुणी घ्यायचा? कांदा वरून टणक दिसतो आणि घरी पोचेपर्यंत आतून मऊ निघतो. डझनभर अंड्यांत एक तडकलेलं असतं, आणि चार दिवस वास मारते म्हणून नावं मला ठेवतात.

माझा जन्मच मुळी संशयातला. शिंपी कापड मारतो असं सगळं जग म्हणतं ना? मग मी त्याचा चालता-बोलता पुरावा. एका गिऱ्हाइकाच्या करड्या पँटीचं उरलेलं कापड, दुसऱ्याच्या कोटाचं तपकिरी अस्तर, आणि आतल्या बाजूला रेघारेघांच्या शर्टाचा एक लहानसा खिसा. ज्यांनी मला शिवलं त्यांना सगळे मास्तर म्हणतात. पण खरं सांगायचं तर मास्तर प्रत्येक उरलेला तुकडा गिऱ्हाइकापुढे धरायचे आणि विचारायचे, "नेताय का?" समोरचा हात झटकून निघून गेला, की मगच तो तुकडा टोपलीत जायचा. माझा एकही तुकडा चोरीचा नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे त्यांची झडती होणार आहे.

माझी उमेदीची वर्षं मजेत गेली. बटाटे, डाळी, तांदूळ, काय काय वाहिलं मी! बंद तुटणं मला माहीत नव्हतं. शेजारच्या बायका दारात थांबून म्हणायच्या, "मास्तर, अशी एक आम्हालाही शिवून द्या हो." मी वरून काही दाखवायची नाही, पण आतून फुगायची.

मग प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या. हलक्या, चकचकीत, फुकट. मला दारामागच्या खिळ्याला टांगलं. तेही मी सोसलं असतं. पण पुढे त्याच प्लॅस्टिकच्या पिशव्या चुरगाळून माझ्या पोटात कोंबल्या गेल्या, पुन्हा लागतील म्हणून. मित्रांनो, सवतीला घरात आणणं वेगळं आणि तिला आपल्याच मांडीवर बसवणं वेगळं. सहा वर्षं मी ते पोट घेऊन लटकत होते.

मला खाली उतरवलं ते मास्तरांच्या आजाराने. आधी त्यांना तहान लागायला लागली. एक तांब्या मशीनशेजारी पुरेना. पायाच्या अंगठ्याला झालेली जखम महिना झाला तरी भरेना. मग एके दिवशी सुईत दोरा ओवता ओवेना, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बायकोला हाक मारली, "अगं, जरा बघतेस का? या सुईला भोकच नाहीये."

भोक होतं.

दवाखान्यातून मुलगी कागद घेऊन आली. मास्तरांची ही एकुलती एक लेक शाळेत शिकवते. परीक्षेच्या वर्गात मुलांच्या बाहीतून चिठ्ठ्या काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. तिने कागद टेबलावर ठेवून वाचला. रक्तातली साखर फार वाढली होती, मधुमेह झाला होता. रोज चालायचं, गोळ्या घ्यायच्या, अर्धं ताट भाजीचं, भात मोजका, गोड बंद. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं. आकडा उतरला नाही तर इंजेक्शन सुरू करायचं. आणि असंच चालू राहिलं तर डोळ्यांचा भरवसा नाही.

"सुईला मी घाबरतो होय?" मास्तर हसून म्हणाले. पण त्यांची बोटं माझ्या शेजारी टांगलेल्या मोजपट्टीशी चाळा करत होती. डोळे गेले तर शिंप्याचं काय उरतं, हे त्या घरात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

एक दिवसाआड ताजी भाजी आणायची आणि तीही चालत, असं ठरलं. म्हणून माझं पोट रिकामं झालं. बाहेरचा वारा आत शिरला तेव्हा मला काय वाटलं ते मी सांगत बसत नाही. यादी साधी होती. पालेभाजी, दोडकी, टोमॅटो, डाळ, अंडी, दही. साखर, जॅम, केक, गोड पावावर लाल काट.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. किराणा दुकानात डाळ बांधून होईपर्यंत मास्तरांची नजर काउंटरवरच्या बरणीकडे गेली. लाल कागदातल्या गोळ्या. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि सात घेतल्या. वळणावरच्या बाकावर बसून एकामागून एक खाल्ल्या. चव घेऊन नाही, घाईघाईने, कुणीतरी हिसकावून घेईल तसं. कागद माझ्या आतल्या खिशात कोंबले आणि पुढच्या कचरापेटीत काढून टाकले. मोजून टाकले नाहीत. सहाच गेले. एक माझ्या शिवणीत अडकून राहिला.

त्या दिवसापासून माझाही त्यांच्यावरचा विश्वास उडाला. प्रत्येक फेरीत मी आतून चाचपून बघायची. आज काय? आज कुठे? ते बरणीसमोर मान वळवून उभे राहायचे तरी मला वाटायचं, हे नाटक आहे. पुढे मास्तरांच्या बायकोने मला धुतलं आणि तो कागद गेला. मला वाटलं, मोरीतून वाहून गेला असेल. बरं झालं म्हणावं की वाईट, तेच कळेना.

दरम्यान लेकीनेही वडिलांसाठी खरेदी सुरू केली होती. शाळेतून येताना मोठ्या दुकानात शिरायची आणि पाकिटं आणायची. एका बिस्किटाच्या पाकिटावर हिरवं पान होतं आणि लिहिलं होतं, 'हलकी आणि पौष्टिक'. दुसऱ्या पाकिटावर धावणारा माणूस, आत दुधात घालून खायचे कुरकुरीत पोहे. तिसरा फळांच्या रसाचा खोका, त्यावर 'शंभर टक्के फळं'. मला त्या हिरव्या पानाचा पहिल्या दिवसापासून संशय होता. पान पिकवणाऱ्याने पान दाखवावं, बिस्किटवाल्याने कशाला? पण पिशवीला विचारतंय कोण.

"ही चालतात ना गं?" मास्तर विचारायचे.

"चालतात म्हणूनच तर आणलीत बाबा. तुम्हाला काहीतरी खावंसं वाटणारच की."

मग काय! चालतात म्हटल्यावर चहाबरोबर आठ-आठ बिस्किटं जायला लागली. तहान लागली की पाण्याऐवजी रस. सकाळी वाडगाभर कुरकुरीत पोहे. मास्तर म्हणायचे, "आजारी पडल्यावर माझी चैन आहे बघ."

दीड महिन्याने दवाखान्यातल्या नर्सने बोटाला टोचून साखर बघितली. उतरायचं सोडा, आकडा होता तिथून वर चढला होता. नर्स मास्तरांकडे बघून चोरी पकडल्यासारखी हसली. ते हसू लेकीने पाहिलं.

घरी आल्यावर तिने मला टेबलावर उपडं केलं.

"बाबा, खरं सांगा."

"काय खरं सांगू? खरं तेच खातोय."

"बाहेर काय खाता?"

"हवा."

"गंमत नकोय मला. आकडा काय उगाच चढतो?"

टोमॅटो घरंगळत खाली गेले. तिने माझा आतला खिसा उलटा केला, शिवणीत बोट घालून बघितलं. परीक्षेच्या वर्गातला हात तो, काही सुटू द्यायचा नाही. माझ्यात काही सापडलं नाही तेव्हा मास्तरांचा कोट, मग शिलाई मशीनचा खण, मग बटणांच्या डब्या. मास्तर शांतपणे म्हणाले, "त्यातलं एखादं बटण चाखूनही बघ. गोड लागलं तर मला सांग."

त्यांची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती एक अक्षर बोलली नाही. मला तिचाही संशय आला. माणूस गप्प का राहतो?

"उद्यापासून बाजार मी करेन," लेक म्हणाली आणि मला स्वतःच्या खांद्याला लावून घेऊन गेली.

मित्रांनो, साठीच्या माणसाकडून पिशवी काढून घेणं म्हणजे काय, ते तुम्हाला आत्ता कळणार नाही. मास्तर उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथेच थांबले. त्यानंतर जेवताना दोघींच्या नजरा त्यांच्या ताटावर असायच्या. घरातली माणसं ताटाकडे बघायला लागली की घास मोठा होतो, गिळत नाही. ते अर्धवट जेवून उठायचे. मग लेकीला वाटायचं, बाहेर खाल्लं असणार, म्हणून भूक नाही. आणि तीच पुढे करायची, "निदान ही बिस्किटं तरी खा." तिसरा महिना संपायला साडेतीन आठवडे उरले होते.

एका दुपारी एक गिऱ्हाईक तयार कोट घेऊन आलं. नवा कोरा, बाह्या आखूड करायच्या होत्या. गिऱ्हाईक कोटावर खूश होतं. मास्तरांनी मात्र वरून बघितलंच नाही. सवयीने कोट उलटा केला, अस्तर बाहेर काढलं, भिंग लावलं. आत सुटलेले दोरे, कच्ची शिलाई. "वरून काय, सगळंच छान दिसतं," ते म्हणाले. "शिलाई आतून बघायची."

गिऱ्हाईक गेलं. चहा आला. बशीशेजारी बिस्किटांचं पाकीट, हिरवं पान वर करून पडलेलं. मास्तरांच्या हातात भिंग तसंच होतं. त्यांनी पाकिटाकडे जरा वेळ बघितलं आणि उलटं केलं.

"अगं," त्यांनी बायकोला हाक मारली, "इकडे ये. मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय. पहिलं, मैदा. दुसरी, साखर. तिसरं तेल. मग आणखी कसलंसं सिरप."

"आणि पान?"

"पान कुठेच नाही. पान फक्त पुढे."

मग दोघांनी मिळून फडताळ उपसलं. धावणाऱ्या माणसाच्या मागे साखर होती आणि मधही. रसाच्या खोक्यावर वरून साखर घातलेली नव्हती, पण फळाचीच म्हणून साखरेचा जो आकडा होता तो पाहून बायकोने पदर तोंडाला लावला. त्याचेच ग्लासच्या ग्लास मास्तर रोज प्यायले होते. मधुमेह हा शब्द एकाही पाकिटावर नव्हता. कुणी खोटं बोललं नव्हतं. सगळ्यांनी त्या पानाकडे बघून आपापलं ठरवलं होतं.

मला वाटलं, आता मास्तर सूड उगवणार. लेक आली तेव्हा टेबलावर पाकिटं ओळीने मांडलेली होती, सगळी मागची बाजू वर करून. मास्तरांनी तिच्या हातात भिंग दिलं. तिने एकेक वाचलं. शेवटचं वाचून झालं तेव्हा मला खांद्यावरून काढायचंही तिला सुचलं नाही, तशीच खुर्चीत बसली.

"हे सगळं मी आणलं."

"मायेनं आणलंस."

"बाबा, मी तुमच्या बटणांच्या डब्या उपसल्या. आणि तुम्ही काहीच..."

तिने भिंग खाली ठेवलं. मास्तरांना तेव्हा गप्प बसता आलं असतं. निर्दोष सुटले होते ते, अगदी पुराव्यानिशी. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला.

"एकदा खाल्ल्या होत्या मी," ते म्हणाले. "पहिल्या आठवड्यात. गोळ्या. सात. दुकानातल्या बरणीतल्या. त्यानंतर नाही."

"लाल कागदातल्या," त्यांची बायको म्हणाली.

दोघंही तिच्याकडे वळले.

"कागद पिशवीच्या शिवणीत होता. धुताना मिळाला."

"मग बोलली का नाहीस तेव्हा?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते," ती म्हणाली आणि चहा गरम करायला उठली. "बराच वेळ लावलात."

मी घरातल्या प्रत्येकावर संशय घेतला होता, मित्रांनो. पण बाई गप्प आहे ती वाट बघतेय म्हणून, हे काही मला सुचलं नव्हतं.

त्या दिवसापासून फडताळात पाकिटं कमी आणि परडीत भाजी जास्त. भाताला एकच वाटी ठरली, तिघांनाही तीच. चहाबरोबर मूठभर शेंगदाणे. तीन महिन्यांचा आकडा आला तेव्हा नर्स पुन्हा हसली, पण वेगळं. आकडा पूर्ण उतरला नव्हता, उतरायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन तूर्त राहू दे, गोळ्या आणि हे जेवण चालू ठेवा.

आता मी म्हातारी झाले आहे. माझा एक बंद विरला आहे, तळाला ठिगळ आहे. पण खिळ्यावर मी नाही. माझा स्वभावही गेलेला नाही. हिरवं पान दिसलं की मी अजून आक्रसते. तुम्हीही पाकिटांचा संशय जरूर घ्या, उलटी करून वाचा, अक्षर बारीक असेल तर भिंग मागा. पण तुमच्या घरात कुणाला हा आजार झाला, तर त्याच्या पिशवीत हात घालू नका. त्याच्याबरोबर बाजारात जा. तेच आणा, तेच खा. आणि त्याला काही सांगायचं असेल, तर सांगायला जागा ठेवा.

परवा भाजीवालीने मास्तरांना विचारलं, "काय मास्तर, आज पहाऱ्याला कुणी नाही?"

"आहे की," मास्तर म्हणाले. "ती बघ, तिकडे दोडकी निवडतेय. मला काही जमत नाही म्हणते."

लेक दोडकी घेऊन आली आणि माझ्यात टाकली. मग घरापर्यंत माझा एक बंद बापाच्या हातात होता आणि एक लेकीच्या, आणि मी मधल्या मध्ये झुलत होते.