आळशी हंसाची पिसं

…सोळावं पीस जरा तिरकं बसलंय का – नाही, सरळच आहे. सोळाच्या सोळा एकाच बाजूच्या पंखातली, दोऱ्याचे दोन वेढे, खाली बुचाचं गोल टोक, सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे तळहातावर ठेवलं तरी आहे की नाही ते बघूनच खात्री करावी… आणि सांगितलं तर कोणाला पटायचं नाही, पण असंच एक बॅडमिंटनचं फूल मी एकदा सकाळचा भोंगा झाल्यावर मारलं होतं, ते जेवणाची सुट्टी संपल्यावर खाली आलं. मधल्या वेळात मी डबा खाल्ला, हात धुतले, एक डुलकी काढली. वर पत्र्याखाली ते तसंच तरंगत होतं, आपण घरातून कशासाठी निघालो होतो हे विसरलेल्या माणसासारखं.

ही गोष्ट फटकेकाकांनी कारखान्यातल्या बायांना इतक्यांदा सांगितली होती की आता त्यांना स्वतःलाही ते वरचं फूल दिसायचं. पण आज सुट्टी संपून पाच मिनिटं झाली तरी ते हातातल्या फुलाकडेच बघत होते. समोर शेवटच्या मेजावरून आलेली फुलांची पाटी होती. चिमटाबाईची.

त्यांचं काम सांगायला सोपं. प्रत्येक बाईच्या पाटीतली दहा फुलं घ्यायची, लांबलचक शेडच्या या टोकाला रेघेवर उभं राहून रॅकेटनं खालून वर, पूर्ण ताकदीनं, एकेक मारायचं. पलीकडच्या टोकाला जमिनीवर दोन पांढरे पट्टे. पट्ट्यांच्या मधे पडलं तर फूल पास, पुढे गेलं तर पळकं, अलीकडे पडलं तर मंद. साहेबांनी यासाठी यंत्र आणायचं दोनदा काढलं होतं आणि काकांनी दोन्ही वेळा एकच विचारलं होतं – "यंत्राला मनगट असतं का हो साहेब?" साहेब हसले होते. तिसऱ्यांदा विचारतील तेव्हा हसतील का, हे सांगता येत नव्हतं.

पहिलं फूल मारलं. सुटताना गोळीसारखं सुटलं… आणि मग नेहमीसारखी मधे हवा आली. पिसांच्या त्या घागऱ्यात हवा शिरते आणि धरून ठेवते. जितक्या जोरात मारावं तितकी जास्त धरते, वेग दुप्पट केला तर चौपट अडवते. म्हणून तर पैलवानानं मारलेलं फूल आणि त्याच्या पोरीनं मारलेलं फूल यांच्यात फारसं अंतर पडत नाही. चेंडूचं तसं नसतं. चेंडू माणसाचं वय चारचौघांत सांगून मोकळा होतो. फूल सांगत नाही. हवा मधे पडते, घरातल्या समजूतदार मोठ्या माणसासारखी, आणि दोघांचंही झाकून नेते… गेली तीन वर्षं माझ्या खांद्यातून जे थोडंथोडं गळत होतं, ते तिनं कोणाला कळू दिलं नाही. मलाही नाही. जोर पावपट गेला असेल, पण फूल कमी गेलं ते वीत-दोन वीत. एवढंच. फक्त ती वीत नेमकी पट्ट्याच्या अलीकडची.

फूल अलीकडे पडलं. दुसरंही.

सकाळी आरशापुढे उभे असताना बायको म्हणाली होती, "डाव्या हातानं भांग? हे कधीपासून?"

"उजव्या हातातली ताकद कारखान्याची आहे. घरी वापरली तर चोरी धरतील."

ती हसली नाही. चाळीस वर्षांत तिला त्यांच्या सगळ्या गोष्टी पाठ झाल्या होत्या, त्यामुळे हल्ली ती गोष्टीकडे लक्षच द्यायची नाही, गोष्ट कुठून निघाली तिकडे बघायची. त्यांच्या खांद्याकडे बघून ती म्हणाली, "दाखवून या एकदा." मग चहा गाळायला निघून गेली.

तिसरं. अलीकडे.

सकाळी हात चालतो, हे मला ठाऊक आहे. पहिल्या मेजावरच्या मावशींची पाटी पहिली येते, तेव्हा खांदा नुकता कामाला लागलेला असतो. दहाच्या दहा पास. मग दुसरं मेज, तिसरं… जेवणानंतर हात कणकेसारखा होतो. आणि चिमटाबाईचं मेज रांगेत शेवटचं. तिची पाटी नेहमी दुपारीच येणार. या महिन्यात दोनदा ती मंद म्हणून परत गेली, आज तिसरी खेप. तीनदा परत गेली की मेज जातं, असा नियम. मग पिसं धुवायच्या टाक्यांवर, साबणाच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून दिवसभर. या बाईला पीस ओठांवरून एकदा फिरवलं की त्याची वाकण कळते. बारा वर्षांपूर्वी आली तेव्हा मीच सांगितलं होतं, ही बाई बसवा मेजावर…

चिमट्यानं पीस बसवते म्हणून तिला चिमटाबाई म्हणतात असं नव्याला सांगायचे. जुन्यांना खरं कारण माहीत होतं.

"काका," ती आत्ताही मेजावरूनच म्हणाली, "फुलं मारताय की ओवाळताय?"

बाया खुसुखुसु हसल्या. काकाही हसले. चौथं फूल उचललं. अर्धं पाऊल रेघेच्या पुढे टाकून मारलं तर? कोण बघतंय… पण साहेब येऊन उभेच होते, हातात वही, जराशी कंटाळलेली मान. चौथंही अलीकडे पडलं, पाचवंही.

हवेवर ढकलावं, असं आधी मनात आलं. पण दुपार होती, पत्रा तापलेला. तापली की हवा पातळ होते, धरत नाही, फूल उलट लांब जातं; हे पहिल्याच वर्षी मी सगळ्यांना शिकवून ठेवलंय. आपण शिकवलेलं कधी आडवं येईल, सांगता येत नाही.

दहावं फूल पडलं तेव्हा साहेबांनी विचारलं, "फुलांतच दोष आहे, की…"

ते 'की' जरा लांबलं. तेवढ्या फटीत काहीही मावलं असतं. खरं बोलायलाही तेवढी जागा पुरली असती – साहेब, सकाळी मारून बघा, किंवा दुसऱ्या कोणाला मारू द्या – आणि ते शब्द खरोखर जिभेपर्यंत आले होते, कसे आले ते मी बघत होतो… पण त्यांच्याआधी गोष्ट सुटली. गोष्ट नेहमीच आधी सुटते.

"साहेब, खोटं वाटेल," काका म्हणाले, "पण ही पिसं एका आळशी हंसाची आहेत. मी बघितलाय तो हंस. आयुष्यात कधी उडाला नाही. थंडी पडली, बाकीचे सगळे उडून लांब देशी गेले. हा पाठीमागून चालत निघाला. नदी आली की नावाड्याला हाक मारायचा. पोचला तोवर बाकीचे परतायला निघाले होते. आता सांगा, अशा पिसांना उडायचं कसं ठाऊक असणार? बाईच्या हातात दोष नाही हो. पण पीसच जातीचं आळशी, त्याला ती काय करणार?"

शेड हसली. साहेबसुद्धा हसले, आणि हसता हसताच त्यांनी वही उघडली. हंस चांगला जमला होता… नावाडी तर आयत्या वेळी सुचला. हसणाऱ्या बायांवरून फिरत काकांची नजर शेवटच्या मेजापाशी आली. तिथे कोणी हसत नव्हतं.

चिमटाबाईनं हातातलं पीस खाली ठेवलं.

"काका, ती फुलं माझी नाहीत."

"म्हणजे?"

"मावशींची आहेत. पहिल्या मेजावरची. सकाळी तुम्हीच पास केलेली, ही त्यांची पास झाल्याची हिरवी चिठ्ठी. सुट्टीत मी पाट्या बदलल्या, मावशींना विचारून. विचारा त्यांना."

मावशींनी मान वर केली नाही, पण हलवली. साहेबांचं पेन थांबलं.

"सकाळी तो हंस उडत होता ना, काका?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळे तो शेडच्या टोकापर्यंत नीट गेला. "मग जेवणानंतर आळशी कोण झालं?"

कोणी हसलं नाही. सगळे काकांकडे बघत होते. सवयीनंच, कारण या जागेवर आजवर दर वेळी एक गोष्ट आली होती. आत्ताही एक आली. दाराशी येऊन उभी राहिली… तिला आत घ्यायला कोणी उठलं नाही. नवल म्हणजे राग नव्हता. सगळं एकदम संथ झालं होतं. रॅकेट मी डाव्या हातात घेतली. पुढे मी काय बोलणार, हे ऐकायला त्या बायांबरोबर मीही थांबलो होतो.