तोंडात आकडे

ताईंनी पर्समधून केसांचे दोन आकडे काढले आणि ओठांत घट्ट धरले. कथा वाचून झाली होती, आणि कथालेखनाच्या या वर्गाचा नियमच होता की आपल्या कथेवर इतर बोलत असताना लेखकानं तोंडातून ब्र काढायचा नाही. बाकीच्यांना ते जमायचं. ताईंचं पडलं पार्लर. तिथे कात्री आणि जीभ बरोबरीनं चालायच्या. अंबाडा घालताना ओठांत आकडे असतील तेवढाच वेळ गिऱ्हाइकाच्या कानांना विसावा. म्हणून ही युक्ती.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत सगळे टेबलाभोवती बसले होते. ताईंच्या कथेत दोन बहिणी होत्या. आई गेल्यावर धाकटी तिचं शिलाई मशीन न विचारता उचलून नेते, थोरली तिच्याशी बोलणं टाकते आणि शेवटी रिकाम्या कोपऱ्याकडे बघत रडते. सगळं घडलेलंच होतं. रडणं तेवढं पदरचं. प्रत्यक्षात ताईंनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीपुढे धाकटीचे वाभाडे काढले होते. त्याला आता चार वर्षं झाली.

"कथा छानच आहे," दातांचे डॉक्टर म्हणाले. "पण धाकटी बोलतच नाही हो. माझ्या खुर्चीतल्या पेशंटसारखी नुसती आ वासून बसलीय."

सगळे हसले. ताईंनी हात उडवला. कुणी मध्ये बोललं की त्यांचा हात असा आपोआप उडायचा, माशी हाकलल्यासारखा.

"डॉक्टर म्हणतात ते खरंय," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी दुरुस्त करून आणा. फार नको. मशीन का नेलं, ते तिच्या तोंडून येऊ दे. एखादं वाक्य पुरे."

ताईंनी आकडे काढले. "अहो, तिच्याकडे सांगण्यासारखं काही असतं, तर–"

"आकडे," बाई म्हणाल्या.

ताईंनी ते मुकाट्यानं परत तोंडात घातले.

एक वाक्य म्हणजे हातचा मळ, असं म्हणत ताई घरी लिहायला बसल्या. 'आई माझीही होती.' छे, हे सिनेमातलं. 'तुला तरी कुठे शिवता येतं?' हे झकास होतं, पण हे तर ताईंचंच बोलणं. 'नेलं तर नेलं, जा!' हेही ताईंचंच. धाकटी बोलते कशी, ते त्या आठवायला गेल्या, तर आठवणीतसुद्धा आपल्या ताईच बोलत होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं.

खरं सांगायचं तर धाकटीची आठवण रोज यायची. पण आपण होऊन फोन करायचा म्हणजे नाक खाली! आज मात्र निमित्त होतं. काम कथेचं होतं, ताईंचं थोडंच?

"ताई?" पलीकडून आवाज आला. "तू?"

"हे बघ, मी एक कथा लिहितेय. त्यात एक वाक्य अडलंय. मशीन का नेलंस?" पुढचं सगळं बाहेर पडायच्या आत ताईंनी आकडे ओठांत धरले.

पलीकडे धाकटीनं टीव्ही बंद केला, खुर्ची ओढून घेतली. एरवी एवढ्या वेळात ताईंनी आख्खं पुराण लावलं असतं.

"मी विचारलं होतं तुला," धाकटी म्हणाली. "मावशी आली होती, तिला तू आईच्या आजारपणाचं सांगत होतीस. मी म्हटलं, ताई, मशीन नेऊ का? तू नुसता हात उडवलास. मला वाटलं, ने म्हणतेस."

'काहीतरीच काय!' म्हणून ताईंचा हात उडालाच होता. तो त्यांना हवेत दिसला. त्यांनी तो हळूच खाली घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला.

"नंतर सांगायला आले, तर तुझी सरबत्ती सुरू. म्हटलं, संपली की सांगू." धाकटीनं उसासा टाकला. "ती काही संपेचना... ताई? फोन ठेवलास का?"

"अं हं."

धाकटी थबकली. "तोंडात आकडे आहेत?"

"हं."

"मग राहू देत," धाकटी खुदकन हसली. "माझं अजून बरंच सांगायचं राहिलंय."

ताईंचे डोळे भरून आले, नाक वाहायला लागलं. त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला, पण आकडे काही काढले नाहीत.