टर्कीच्या पॅनचा डावा कान

मी एक जुना पॅन आहे. निळा, पांढऱ्या ठिपक्यांचा, एनॅमलचा, सबंध टर्की पक्षी मावेल एवढा. मित्रांनो, अमेरिकेत, मिनेसोटातल्या आर्डिसबाईंच्या घरी चाळीस वर्षं थँक्सगिव्हिंगच्या सणाची टर्की माझ्यातच भाजली. त्या दिवशी माझं कौतुक होई आणि बाकी वर्षभर मी तळघरात धूळ खाई. त्याचं मला काही वाटत नसे. पण आर्डिसबाईंचे यजमान हार्लन गेले आणि माझा डगडगणारा डावा कान आवळायला कुणी उरलं नाही.

यंदा त्यांचा मुलगा ड्वेन दोन वर्षांनी घरी यायचा होता. वडलांची बर्फावरच्या मासेमारीची खोपटी थोरल्या बहिणीने, जेनेलने, त्याला न विचारता शेजाऱ्याला देऊन टाकली होती. तेव्हापासून दोघांचा अबोला. "एक वाजता जेवीन, दोन वाजता निघेन," एवढंच तो आईला फोनवर म्हणाला. दोघांनी एका टेबलाशी बसावं, एवढीच त्या माउलीची इच्छा होती.

घात केला गॅरेजने. फ्रिजमध्ये जागा नसते, म्हणून गोठवलेली टर्की दरवर्षी गॅरेजातच वितळायला ठेवायची. बुधवारी थंडीने कहर केला. गुरुवारी पहाटे बघतात तर टर्कीचा पुन्हा दगड!

"आई, आत आणून ठेव म्हणून दहादा सांगितलं तुला!" जेनेल कडाडली.

"चाळीस वर्षं तिथेच ठेवतेय मी. बडबड पुरे, पाणी बदल."

दर अर्ध्या तासाला गार पाणी बदलून त्यांनी ती कशीबशी सैल केली. मी ओव्हनमध्ये गेलो तेव्हा दहा वाजून गेले होते. माझा जीव टांगणीला लागला.

एक वाजता ड्वेन आला आणि कोट न काढताच बसला. जेनेल सारखी ओव्हन उघडून टर्कीवर चरबी सोडी, तापमापकाची सुई टोचून बघी. दोन वाजले. सुई अजून कच्चंच सांगत होती.

ड्वेन उठला. "निघतो, आई."

"अरे, घासभर तरी खाऊन जा."

"काय खाऊ? कच्ची टर्की?"

"जाऊ दे गं त्याला," जेनेल म्हणाली. "साहेबांना घाई आहे."

आणि रागारागाने तिने मला बाहेर ओढलं. डावा कान निखळून तिच्या हातात आला. मी कलंडलो. संपलं सगळं, असं मला वाटलं.

ड्वेनने झेप घेतली आणि कोटाच्या बाह्या माझ्याखाली घातल्या.

"सोडू नकोस, ताई!"

"तू सोडू नकोस!"

टर्की वाचली. चरबी मात्र त्याच्या जाड कोटावर सांडली. आर्डिसबाईंनी कोट उतरवून घेतला आणि तडक धुवायला टाकला.

"बाहेर उणे पंचवीस आहे. आता कसा जातोस बघतेच!"

टर्की पुन्हा ओव्हनमध्ये गेली आणि साडेतीन वाजता सगळे जेवले. पण खोपटीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. उरलेल्या मांसाचे काप उद्याच्या सँडविचसाठी बाजूला निघाले. हाडं माझ्यात भरून आर्डिसबाईंनी मला ड्वेनच्या हाती दिलं.

"सूप कर आणि कान बसव. आणि आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत, लक्षात आहे ना?"

शुक्रवारी मी त्याच्या गॅरेजात थंडीत पडून राहिलो. तो फिरकलाच नाही. आता आपण भंगारातच जाणार, या विचाराने मी धास्तावलो होतो.

शनिवारी त्याने हाडं उकळत ठेवली आणि माझ्या कानात नवा बोल्ट घातला. रविवारी मी आईच्या दारात होतो, टर्की आणि जंगली तांदळाच्या गरम सूपने काठोकाठ भरलेला. दार जेनेलने उघडलं.

"खोपटीचं मी तुला विचारायला हवं होतं रे," ती म्हणाली.

"कान बसवलाय," तो म्हणाला. "धरून बघ."

तिने डावा कान धरला. उजवा त्याने सोडला नाही. दोघांनी मिळून मला आत नेलं.

मित्रांनो, भांड्याचा कान हलू लागला की लगेच आवळून घ्या. आमच्यासारखी दोन वर्षं घालवू नका.