जोडीचा कायदा

सोमवारी सकाळी दोन टाक्या भरल्या, प्रत्येकी साठ लिटर. पुढच्या टाकीत चोवीस गप्पी मासे : बारा नर, बारा माद्या. मागच्या टाकीतही चोवीस, पण साऱ्या माद्या. सगळे एकाच खोक्यातून आलेले; पाणी, खाणं, दिवे तेच. दोन्हीकडे मी दोनदा मोजलं.

दुकान आत्याचं. पदवी हातात आल्यापासून मी तिच्याकडे काम करते. तिचा एकच कायदा, तोही पुठ्ठ्यावर लिहून गल्ल्यामागे टांगलेला : ‘गप्पी जोडीनेच मिळतील.’ एक नर, एक मादी. आदल्या शनिवारी मी गिऱ्हाइकाला त्याच्याविरुद्ध सल्ला दिला.

निवृत्त मास्तर मेलेली मादी पिशवीत घेऊन आले होते.

“हा तिसरा संसार मोडला,” ते म्हणाले. “नवरोबा मजेत आहेत.”

“पाणी बदलत नसाल तुम्ही,” आत्या म्हणाली.

“दर आठवड्याला बदलतो हो!”

“पाण्याचा दोष नाही, मास्तर,” मी म्हणाले. “नर दिवसभर तिच्या मागे लागतो. एकटीच असली की तिला धड खाताही येत नाही, लपताही येत नाही. चौथी नेऊ नका. नर एकटा राहू दे.”

मास्तर नुसतं खाणं घेऊन गेले. दार लागलं आणि आत्या सुरू झाली.

“माझ्याच दुकानात बसून माझीच गिऱ्हाइकं परत पाठवतेस? बावीस वर्षं मासे विकतेय मी. कालची पोर तू, मला शिकवतेस?”

“शिकवत नाही. एका टाकीत जोड्या, दुसरीत नुसत्या माद्या ठेवू. मोजून बघू.”

“बघू की! महिनाभर तुझ्या त्या बायकांचं बिऱ्हाड वेगळं ठेव. त्यातली एक जरी मेली तर गल्ल्यापाशी तोंड उघडायचं नाही. मागे बसून टाक्या घासायच्या.”

चोवीसांतली एखादी अशीही मरू शकते. अट अन्यायाची होती. तरी मी म्हणाले, “चालेल. पण सगळ्या जगल्या तर तो पुठ्ठा मी काढणार.”

नवव्या दिवशी पुढच्या टाकीत पहिली मादी गेली. आत्याने जाळीने उचलली आणि म्हणाली, “नाजूक होती.” अकराव्या दिवशी मागच्या टाकीत पिल्लं दिसली. एकोणीस.

आत्याने कमरेवर हात ठेवले. “नर घुसवलास ना? चोरी पिल्लांनीच उघडी पाडली बघ. संपला तुझा प्रयोग!”

“नर नाही त्यात.”

“मग काय, आकाशातून पडली?”

मी भिंग तिच्या हातात दिलं. एकेक मासा पाणी भरलेल्या पेल्यात घेऊन दिव्यासमोर धरला. नराच्या पोटाखालचा मागचा पंख काडीसारखा निमुळता असतो, मादीचा पंख्यासारखा पसरट. हे आत्याला माझ्याआधीपासून ठाऊक आहे. चोवीसही तिने स्वतः तपासले. त्याला चाळीस मिनिटं लागली.

“एकदा नराची गाठ पडली की मादी त्याचं बीज महिनोन्‌महिने पोटात साठवते,” मी म्हणाले. “इथे यायच्या आधीच पडली असणार.”

“म्हणजे नवरा नजरेआड, तरी पोरं चालूच?” आत्याने भिंग खाली ठेवलं. “चांगलीच सोय आहे की मेल्यांची.”

पिल्लं मी बरणीत हलवली.

बाविसाव्या दिवशी आत्या दोन निळे नर जाळीत घेऊन मागे आली. “फिक्या माद्यांची टाकी कोण बघणार? शोभेला दोनच सोडते.”

मी टाकीवरचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं. “महिना संपेपर्यंत नाही.”

“दुकान कुणाचं आहे?”

“तुझं. पण शब्दही तुझाच आहे.”

जाळीतून पाणी तिच्या चपलेवर ठिबकत होतं. “हट्टी कार्टी. अगदी बापावर गेलीस,” ती म्हणाली आणि नर परत घेऊन गेली.

तिसाव्या दिवशी सकाळी आत्याने मोजलं, मी लिहून घेतलं. मग तिने मोजायला मला सांगितलं आणि स्वतः लिहून घेतलं. दोन्ही कागद जुळले.

पुढची टाकी : नर बारा, माद्या सात.

मागची टाकी : माद्या चोवीस.